आहे, नाही, होतं : मराठी रॅपचं यमक नेमकं कुठे अडकतंय?

मध्यलय (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:५२

आधीच सांगतो, मी रॅपर नाही. वय ४१, बँकेत नोकरी. पोराला क्लासहून आणायला गेलो होतो आणि वाटेत एका बागेबाहेर सायफर चालू दिसला म्हणून थांबलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोरं गोल करून उभी राहतात, मधे एक ब्लूटूथ स्पीकर, त्यावर बीट, आणि ज्याला सुरसुरी येईल तो आत येऊन सोळा बार टाकतो. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. नव्वदच्या लयीला एक बार पावणेतीन सेकंदांत संपतो, म्हणजे सोळा बार जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं.

एक पोरगा आला. आवाज खणखणीत, अंगात लय, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत. हिंदीत सुरुवात केली तेव्हा मजा आणली त्याने. मग कुणीतरी ओरडलं, "मराठीत टाक!" आणि त्याने टाकलं. मला काउंटरवर नोटा मोजायची सवय, बोटं आपोआप चालतात. सोळा ओळींपैकी अकरा "आहे"वर संपल्या. तीन "नाही"वर. उरलेल्या दोन इंग्रजीत.

त्याच्या ओळी इथे देत नाही, त्या त्याच्या आहेत. पण साधारण जात अशी:

मी पुण्यातला पोरगा आहे
माझ्या मनात वादळ आहे
तुझ्या खिशात पैसा आहे
माझ्या पेनात शाई आहे

पब्लिकने टाळ्या वाजवल्या, पण हिंदीला पडल्या त्याच्या निम्म्या. आणि पोरगा बाहेर येऊन मित्राला म्हणाला, "मराठीत फ्लोच बसत नाही यार."

हे वाक्य डोक्यातून जाईना. खरंच बसत नाही का? मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे व्याकरण झालं. म्हणजे प्रत्येक ओळीच्या टोकाला आहे, नाही, होतं, केलं, गेलं यांचंच राज्य. यमक फुकटात मिळतं आणि फुकटातलं ऐकू येत नाही. जाणकारांनी बोलावं. हिपहॉप न आवडणाऱ्यांनी कृपया "हे काय संगीत आहे का" हा प्रतिसाद देऊ नये, तो धागा वेगळा आहे आणि तिथे ४०० प्रतिसाद झालेत.


खारी_बिस्कीट | रविवार, रात्री ११:१०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


काफियावाला | रविवार, रात्री ११:३१

मध्यलय, हे कोडं सुटून जमाना झाला. पोरांनी गझल वाचली नाही एवढंच.

"आहे" हे यमक नव्हेच. तो रदीफ. रदीफ म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द. खरं यमक त्याच्या आधी यायला हवं, त्याला काफिया म्हणतात. सुरेश भटांनी "गझलेची बाराखडी" लिहून हेच तर मराठी पोरांच्या डोक्यात उतरवलं. तुमच्या पोराने रदीफ ठेवला आणि काफिया विसरला. वादळ, पैसा, शाई, यांचा एकमेकांशी काय संबंध? दुरुस्ती अगदी सोपी:

वस्तीत माझ्या धूर आहे
डोळ्यांत माझ्या पूर आहे
असशील तू स्टेजवरचा राजा
माझ्या गळ्यात सूर आहे

झालं. तेच "आहे", पण आता खटकतंय का?


पाववडा | रविवार, रात्री ११:४४

काफियावाला काका, खटकत नाही, पण हे बीटवर टाकलं की सोलापुरी चादर पांघरून मुशायऱ्याला बसल्यासारखं वाटतंय. हलके घ्या.

थोडं सिरियसली. मी नालासोपाऱ्याचा, घरी बीट बनवतो. प्रश्न असा की स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो खणखणीत "टॅक", कुठे पडतो. साध्या बूम-बॅप बीटमध्ये स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. ऐकणाऱ्याचा कान चौथ्यावर टपून बसलेला असतो. तुम्ही "आहे" चौथ्यावर टाकलंत की कानाला तेवढंच मिळतं. "धूर" चौथ्यावर टाका आणि "आहे" पुढच्या बारच्या दारात सांडू द्या. किंवा गिळूनच टाका. आपण बोलताना कुठे "आहे" म्हणतो? कुठेय. काये. आलोय. बसलोय. चाललंय. "आहे" विरघळलेला असतो. पोरं माइक हातात आला की निबंधातलं मराठी बोलायला लागतात. "मी वस्तीमध्ये राहत आहे." अरे भावा, तुझ्या घरात कोण असं बोलतं?

रिक्षात बसलोय, मीटरला फसलोय
सुट्टे नाहीत म्हणून स्वतःवर हसलोय

दोन मिनिटांत केलंय, शिव्या घालू नका. पण बघा, आता "आहे" पण आहे आणि यमक पण अडीच अक्षरांचं.


मध्यलय | सोमवार, सकाळी ७:२०

पाववडा, "निबंधातलं मराठी" हे फार अचूक पकडलंत. आता आठवतंय, तो पोरगा हिंदीत "अपुन" म्हणत होता आणि मराठीत "मी माझ्या जीवनात".

काफियावाला, रदीफचं पटलं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!


सातारी_तर्री | सोमवार, सकाळी ९:०५

अजून एक. क्रियापद शेवटीच येतं हे शाळेतलं. बोलताना आपण क्रियापदाच्या पुढे पन्नास गोष्टी लटकवतो. "जेवलास का रे तू?" "बघितला मी त्याला काल स्टँडवर, त्या लाल शर्टात." शेवट कशावर झाला? शर्टात. आणि "आहे" तर सरळ टाकून देता येतो. "मी सातारचा. बाप मिल्ट्रीत. भाऊ गॅरेजला." एका तरी वाक्यात क्रियापद आहे का? मराठी माणूस दिवसभर असंच बोलतो.


नऊवारी_बेस | सोमवार, सकाळी ११:४८

वाचतेय. एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

मराठीत शब्दाच्या शेवटचा "अ" उच्चारात नसतो. "घर" लिहिलं तर दोन अक्षरं, बोललं तर एक झटका: घर्. पण आपण कविता शिकलो ती वृत्तातली, तिथे घ आणि र दोन्ही मोजायचे. अभंग गाताना "विठ्ठल"चा शेवटचा ल लांबवला तर गोड वाटतो. रॅपमध्ये तसं लांबवलं की बडबडगीत होतं. ज्यांचा कान भजनात आणि शाळेच्या कवितेत तयार झालाय त्यांचा फ्लो असाच बोबडा होतो, माझाही व्हायचा. मी गाणं शिकलेय बारा वर्षं, आणि रॅप करायला गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की मराठी ही आघाताची भाषा आहे. पट्, कट्, धक्का, चटका, खळ्कन्.

आणि "च". आपल्याकडे दोन च आहेत. चहातला वेगळा, चटणीतला वेगळा. तो दुसरा, दातांवर जीभ लावून काढलेला, कानाला हुबेहूब हाय-हॅट. चोर, चूक, चाक, चापट. सलग म्हणून बघा बीटवर. फुकट झांज.


राजेहो_अमरावती | सोमवार, दुपारी १:१५

राजेहो, पुण्याचा प्रश्न पुण्यातच सोडवा, आमच्या इकडं हा प्रश्नच नाही.

वऱ्हाडीत "ळ"चा "य" होते. डोळा म्हंजे डोया. काळा म्हंजे काया. पळाला म्हंजे पयाला. आता तुमच्या पुण्यात "काळा"ले यमक कोणतं? माळा, शाळा, टाळा. आमच्याकडं "काया"ले माया, छाया, गया, पाया सगळं लागते. अर्धा शब्दकोश फुकट भेटला का नाही?

बापाचा हात काया, पोटात माया
वावर वायलं तरी बाभूयची छाया

अन् आमच्या अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर आयकला का कोणी? नाव लिहिते १०० आरबीएच. बाहेरचे लोक "हंड्रेड आरबीएच" वाचतेत. अबे शंभर म्हंजे हिंदीत सौ. सौ-र-भ. नावातच पंचलाइन ठेवून बसला पोट्टा. मुंबईच्या स्वदेसी नावाच्या रॅपरांच्या कलेक्टिव्हमधी होता, मराठी, हिंदी, वऱ्हाडी सगळं टाकते. सुरेश भट बी अमरावतीचेच बरं काफियावाले भाऊ. पाण्यातच हाये काहीतरी.


काफियावाला | सोमवार, दुपारी १:४०

भटसाहेबांचं गाव काढलंत, दंडवत.


पाववडा | सोमवार, दुपारी २:०२

स्वदेसीचा विषय निघालाच आहे तर. "द वारली रिव्होल्ट" ऐकलं नसेल त्यांनी ऐका. आरेतल्या केल्टीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात आहेत, स्वतः वारली. झाडं तोडण्याविरुद्धचं गाणं आहे पण पोस्टर वाटत नाही, कारण आवाज तिथल्या माणसाचा आहे. एमसी मवाली मराठी-हिंदी, आणि एमसी तोडफोड गुजरातीत टाकायचा. तोडफोड मार्च २०२२ मध्ये गेला, २४ वर्षांचा होता. मी त्याला एकदाच लाइव्ह बघितलंय. गुजराती कळत नव्हतं मला, तरी एक शब्द चुकला नाही असं वाटत होतं. मुंबईत गुजराती म्हणजे शेअर बाजार हे डोक्यात बसलेलं असतं, त्या पोराने पाच मिनिटांत पुसून टाकलं.


चाकरमानी_संगमेश्वर | सोमवार, दुपारी ३:३०

आता कुणीतरी म्हणणारच की रॅप म्हणजे आपला पोवाडा, म्हणून मीच आधी येतो. पोवाडा नाही, आमच्या कोकणातला सवाल-जवाबाचा शक्ती-तुरा.

माझा मामा शक्तीवाला. शक्तीवाले म्हणजे कलगीकडचे, शक्ती श्रेष्ठ म्हणणारे. तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणणारे. ढोलकी, झांज, पायात घुंगरू, भोवती बाल्ये नाचतायत आणि मधे दोन शाहीर एकमेकांची रात्रभर काढतायत. आम्ही लहानपणी परळला दामोदर नाट्यगृहात बघायचो, अर्धं गाव तिथेच भेटायचं. मामा कंपनीत फिटर होता आणि पुराणं तोंडपाठ. का? कारण समोरच्याने टाकलेला सवाल कळला नाही तर जवाब गाता येत नाही, आणि पब्लिकमधल्या म्हाताऱ्यांना सगळं कळतं. एकदा समोरच्याने कुठल्याशा कथेवरचा सवाल टाकला, मामा अडकला. त्याने ढोलकीवाल्याला खूण केली, नाच लांबवला, तेवढ्यात विंगेत जाऊन एका आजोबांना विचारून आला आणि जवाब दिला. घरी येताना लोकलमध्ये मला म्हणाला, "कुणाला सांगू नको." आता मामा नाही, म्हणून सांगतोय.

तर तुमच्या त्या गोलात जी पोरं उभी असतात त्यांना समोरच्याची ओळ ऐकायची सवय आहे का? बहुतेक घरून पाठ करून येतात. तिथे यमक काय करणार?


न्यूअर्कहून_नमस्कार | सोमवार, संध्याकाळी ७:५५

इथे सकाळ आहे, कॉफी पिता पिता सगळा धागा वाचला. चाकरमानी, मामाला सलाम.

ऐकून उत्तर देण्यावरून २०२४ आठवलं. केंड्रिक लमार आणि ड्रेक या दोन बड्या रॅपरांची जुंपली होती. मार्चच्या शेवटी ठिणगी पडली, ३० एप्रिलला केंड्रिकने लांबलचक गाणं टाकलं, आणि मग त्या आठवड्यात दोघांनी काही तासांच्या अंतराने एकमेकांना उत्तरं दिली. माझा सोळा वर्षांचा मुलगा रात्री दीडला मला उठवायला आला, "बाबा, आलं!" मला वाटलं भूकंप.

पण मध्यलय, माझा मुद्दा तुमच्या विरुद्ध जातो. त्या सगळ्या गाण्यांत तांत्रिकदृष्ट्या अवघड, यमकांनी गच्च भरलेली गाणी होती. जिंकलं कुठलं? ४ मे २०२४ चं "नॉट लाइक अस". मस्टर्डचं बीट, नाचता येण्याजोगं, हुक, म्हणजे ध्रुपद, मोजक्या शब्दांचं, तेच ते पुन्हा पुन्हा. पुढच्या फेब्रुवारीत त्याला पाच ग्रॅमी मिळाले आणि आठवड्याभरात सुपर बोलच्या मध्यांतरात न्यू ऑर्लिन्सला अख्खं स्टेडियम ते ओरडत होतं. माणूस तोच, ज्याला २०१८ मध्ये अल्बमसाठी पुलित्झर मिळालं. त्याला अवघड यमक येत नाही असं कोण म्हणेल? पण लोकांना सोबत घ्यायचं होतं तेव्हा त्याने सोपं निवडलं.

तेव्हा "आहे, आहे, आहे" सुद्धा चालेल. फक्त ते हुकमध्ये हवं, जिथे पब्लिक म्हणणार आहे.


मध्यलय | सोमवार, रात्री ९:१०

हा मुद्दा लागला. झिलकरी ज्या जागी येतात तिथे "आहे" बसेल, हे मान्य. माझी तक्रार कडव्यातल्या "आहे"ची. तिथे पब्लिक नाही म्हणत, तिथे तुम्ही एकटे असता.

अमेरिकन रॅपर रकीमचं सांगतो, ज्याच्यामुळे मी यात पडलो. कॉलेजात एका मित्राने कॅसेट दिली होती. तोवर रॅपर ओळीच्या टोकाला यमक लावायचे आणि पुढे जायचे. एरिक बी आणि रकीमचा १९८७ चा अल्बम ऐकला तर हा माणूस ओळीच्या मधोमध, शब्दाच्या पोटात यमक पेरून ठेवतोय, आणि आवाज न चढवता. मला अर्धे शब्द कळत नव्हते पण कुठेतरी कडी लागतेय हे कळत होतं.

आणि तेव्हा मला आठवले कोण? पोवाडा नाही, शाहीर नाही. मोरोपंत!


खारी_बिस्कीट | सोमवार, रात्री ९:१४

आला. मला वाटलंच होतं या धाग्यात कुणीतरी मोरोपंत काढणार.


मध्यलय | सोमवार, रात्री ९:४८

हसा. पण ऐका. दहावीला मराठीच्या बाईंनी मोरोपंतांवर फुली मारायला सांगितली होती, "कृत्रिम काव्य" म्हणून. यमकासाठी शब्द ओढूनताणून आणतात, भावना कमी, कसरत जास्त. बरोबर. पण हीच शिवी रॅपरला द्या, तो कौतुक समजेल.

हा माणूस अठराव्या शतकात बारामतीत बसून रामायणावर रामायणं लिहीत होता. १०८ म्हणतात. प्रत्येकाला काहीतरी अट. एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ओठ ओठाला लागतील असं अक्षरच वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. रामकथा सांगायची आणि "राम" म्हणायचं नाही! हे म्हणजे आजचा रॅपर पैजेवर "अमुक अक्षर न घेता सोळा बार टाकतो" म्हणतो तसंच झालं. आणि त्याच्या आधीचे वामन पंडित. त्यांना लोक "यमक्या वामन" म्हणायचे. टोपणनाव बघा! उद्या कुणी पोरगा यूट्यूबवर "यमक्या वामन" नावाने आला तर मी पहिला सबस्क्राइब करेन.

म्हणजे मराठीत दोन-तीन-चार अक्षरी यमकं होत नाहीत हे खोटं आहे. आपण ती कीर्तनकारांकडे आणि परीक्षेच्या पेपरात सोडून आलो.


पाववडा | सोमवार, रात्री १०:०१

"बारामतीचा पहिला ओजी." टीशर्ट छापतो.


संपादक_मंडळ | सोमवार, रात्री १०:२०

बारामतीवरून राजकारणाकडे वळलेले तीन प्रतिसाद काढले आहेत. धागा संगीत विभागात आहे.


नऊवारी_बेस | सोमवार, रात्री ११:३७

मोरोपंत झाले, वामन पंडित झाले, भट झाले, मामा झाला. सगळे बुवाच. आता माझं ऐका.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. दोघी बसायच्या समोरासमोर, एक ओवी हिची, एक तिची. कुणी लिहून दिलेलं नसायचं. सासू, भाऊ, पाऊस, विठ्ठल, आणि मधेच शेजारणीला टोमणा. टोमणा नेमका कुणाला हे तिसऱ्या घरात कळायचं. याला तुम्ही काय म्हणाल? मी फ्रीस्टाइल म्हणते. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकरांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता पारीच्या, म्हणजे ग्रामीण भारताचा संग्रह करणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर आहेत, काही आवाजासकट. ऐका आणि यमक कुठे पडतंय ते बघा. जात्याचा फेरा पुरा होतो तिथे. दगडाची घरघर हेच बीट. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या फिरवल्या आणि तोच तो तुकडा लांबवत नेला, तिथून हिपहॉपचा जन्म मोजतात. फिरणारी चकती आणि वर बोलणारं माणूस. आजीकडे पीठही निघायचं.

आणि आता कडू बोलते. मी दोन वर्षं सायफरला जात होते. सोडलं. कारण फ्लो नाही, शिव्या. समोर मुलगी आली की पोराच्या सोळा बारमधले आठ तिच्या अंगावर. यमक सुचलं नाही की आई-बहीण आणायची, ती कुठेही बसते. शिवी म्हणजे सुद्धा "आहे"च आहे, फुकटचं यमक. कल्याणच्या डी एमसी या रॅपर मुलीने हिंदीत इतकी वर्षं काढली ती काय सोपी काढली असतील? मराठीत बायका इतक्या कमी का, यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.


सातारी_तर्री | मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, +१. "शिवी म्हणजे सुद्धा आहेच आहे" हे पहिल्या पोस्टमध्ये चिकटवायला हवं.


एक_अजाण | मंगळवार, सकाळी १०:१५

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मुलगी दिवसभर "तांबडी चामडी" लावते. ते मराठी रॅपच ना? परदेशी कंपनीने काढलंय म्हणे.


पाववडा | मंगळवार, सकाळी १०:४०

काका, क्रेटेक्स आणि श्रेयसचं गाणं, २०२४ चं, डच स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं हे खरं. पण ते हाउस म्युझिक आहे, चारही ठोक्यांना सारखा किक, म्हणजे ड्रमचा "धम्म". वर बोल मराठी. हिपहॉप म्हणणार नाही मी. पण ज्या डान्सफ्लोअरवर पूर्वी मराठी लागलं की लोक पाणी प्यायला जायचे तिथे आता ते लागतं, हे कुठल्याही रॅपरने केलेलं नाही, हेही खरं.

रॅपच ऐकायचं तर पुण्याचा संबाटा ऐका, ट्रॅप आहे आणि मराठी आहे, आणि ते मराठी निबंधातलं नाही. पुण्याचाच एमसी स्टॅन बिग बॉस जिंकून घरोघरी पोचला पण तो हिंदीत. त्याची हिंदी मात्र ऐका, ती दिल्लीची नाही, ताडीवाला रोडची आहे. मुंबईचा रॅपर डिव्हाइन सुरुवातीला इंग्रजीत करायचा, कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये पहिलं गाणं आयपॅडवर बनवलं, २०१५ ला दोघांचं एकत्र गाणं आलं आणि मुंबईची बोली रेडिओवर गेली. त्यांनीही तेच केलं, पुस्तकातली भाषा सोडली. आपण अजून "जीवनात" अडकलोय.


चाकरमानी_संगमेश्वर | मंगळवार, दुपारी १२:२०

आणि मराठीत टाकलं तर पोचतं कुठवर, त्याचंही उदाहरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये रॅपर राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला, खोक्यांवरच्या गाण्यावरून. राजकारण काढत नाही, संपादक रागावतील. एवढंच सांगतो की आमच्या गावात ज्यांना रॅप शब्द माहीत नाही त्यांच्या फोनवर ते आलं होतं. हिंदीत असतं तर आलं नसतं. तालही फार चतुर नव्हता, यमकंही साधी. पण गावातला माणूस पारावर बोलतो तसं होतं.


न्यूअर्कहून_नमस्कार | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

हेच म्हणत होतो.

अवांतर: मुलाला "धक्का, चटका, खळ्कन्" बीटवर म्हणायला लावलं. मराठी शाळेत तीन वर्षं जे झालं नाही ते झालं. आता विचारतोय, "ळ" म्हणताना जीभ नक्की कुठे जाते.


राजेहो_अमरावती | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

त्याले सांगा, "य" म्हण. काम सोपं.


मध्यलय | मंगळवार, रात्री १०:३०

दोन दिवस ऑफिसात चेक वटवताना हेच डोक्यात. शेवटी काल रात्री बसलो आणि चार ओळी पाडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. अटी स्वतःला घातल्या: एकही ओळ उघड्या "आहे"वर संपवायची नाही, शिवी नाही, "जीवन" नाही, आणि आमच्या चाळीत बोलायचे तसंच. माझ्या लहानपणचं घर आहे हे, फक्त मोबाइल आताचा.

आई उठते पाचला, बाप खिळलाय खाटेला
भाऊ चिकटला मोबाइलला, मी लागलोय वाटेला
डबा घेतला हातात, पोळी चिकटली ताटाला
वह्या भिजल्या काल सगळ्या, शब्द चढले घाटाला

बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "बरं आहे." "आहे"वर संपवलं तिने.


पाववडा | मंगळवार, रात्री १०:४१

अरे दादा!! पहिल्या तीन ओळी कडक. "खाटेला, वाटेला"चं पुढे "ताटाला, घाटाला" केलंत, ए चा आ सरकवला, ते बीटवर छान लागेल. पण "शब्द चढले घाटाला" म्हणजे काय?


मध्यलय | मंगळवार, रात्री १०:४५

मलाही माहीत नाही. बसत होतं म्हणून टाकलं.


काफियावाला | मंगळवार, रात्री १०:५२

मोरोपंत झालात.


सातारी_तर्री | मंगळवार, रात्री ११:०३

वह्या भिजल्यात ना? मग वाळवायला नकोत का? "वह्या भिजल्या काल सगळ्या, टेकवून ठेवल्यात माठाला."


नऊवारी_बेस | मंगळवार, रात्री ११:०९

माठ पाझरतो हो. त्याला टेकवलेल्या वह्या जन्मात वाळणार नाहीत. कपाटाला टेकवा, लोखंडी, खिडकीसमोरच्या. "टेकवून ठेवल्यात कपाटाला." एक अक्षर जास्त होतंय, "ठेवल्यात" काढा.


मध्यलय | मंगळवार, रात्री ११:१६

वह्या भिजल्या काल सगळ्या, टेकवल्यात कपाटाला.

आमचं कपाट खरंच खिडकीसमोर होतं. रविवारी जातोय त्या गोलात. पोराला क्लासला सोडून, दहा मिनिटं आधी.